डाग कशाचा? : प्रस्तावना

जप्त केलेल्या कपड्यावरच्या डागाला तपासात तीन प्रश्न विचारावे लागतात. तो कशाचा आहे, कोणाचा आहे आणि तिथे आला कसा? गेल्या चाळीस वर्षांत यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने इतके पक्के केले, की पहिला प्रश्न जवळजवळ अडगळीत गेला. १९८४ साली लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची युक्ती सापडली आणि तिने गुन्ह्याच्या तपासाचे रूपच पालटले. आता डीएनएचा अहवाल आला की वकील, न्यायाधीश, वार्ताहर सगळ्यांची नजर एकाच ओळीवर जाते : जुळला की नाही? पण जुळला म्हणजे ती पेशी अमुक व्यक्तीची आहे एवढेच ठरते. ती व्यक्तीच्या शरीरात कुठे होती, हे त्या अहवालात नसते. कातडीची पेशी, गालाच्या अस्तराची पेशी, योनिमार्गाची पेशी आणि रक्तातली पांढरी पेशी या चारही पेशींत डीएनए एकच असतो.

हे पुस्तक त्या मागे पडलेल्या पहिल्या प्रश्नाविषयी आहे. त्याचे उत्तर माणसाच्या पेशींत न शोधता माणसाच्या अंगावर आणि अंगात राहणाऱ्या जिवाणूंत शोधण्याची जी नवी पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत गेली पंधरा-वीस वर्षे घडते आहे, तिची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, हा त्यामागचा हेतू आहे. ती पद्धत कुठे उपयोगी पडते आणि कुठे तोंडघशी पाडते, या दोन्ही गोष्टी सारख्याच तपशिलाने सांगायला हव्यात, कारण न्यायालयात अर्धवट विज्ञान हे अज्ञानापेक्षा धोक्याचे ठरते.

पहिला प्रश्न आज एवढा महत्त्वाचा का झाला, याची दोन कारणे आहेत. एक प्रयोगशाळेतले, एक कायद्यातले.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील रोलंड व्हॅन ऊर्सकॉट आणि मॅक्सवेल जोन्स यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले, की नुसता हात लागलेल्या वस्तूवरूनही माणसाचा डीएनए मिळू शकतो. तोवर डीएनए मिळायचा तो सहसा डोळ्यांना दिसणाऱ्या डागातून, त्यामुळे तो रक्तातला की वीर्यातला, हे आधीच माहीत असायचे. आता दाराच्या कडीवरून, गाडीच्या स्टिअरिंगवरून, बोटांच्या टोकांवरून डीएनए निघतो. चाचण्या जितक्या संवेदनशील होत गेल्या, तितका डीएनए आणि डाग यांच्यातला जुना संबंध सैल होत गेला. समजा, आरोपीच्या नखांखाली पीडितेचा डीएनए सापडला. आरोपी म्हणतो, आम्ही एकाच घरात राहतो, सकाळी मीच तिचा हात धरून तिला शाळेत सोडले. डीएनए अहवालाकडे या बचावाला उत्तर नाही. त्या पेशी कातडीच्या की योनिमार्गाच्या, हे कळले तरच खटला पुढे सरकेल.

कायद्यातले कारण आपल्याकडचे आहे. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या रुंद केली. पुरुषाने शरीराचा दुसरा कोणताही भाग किंवा एखादी वस्तू घातली तरी तो बलात्कारच ठरू लागला. तोंडाने केलेले कृत्यही त्यात आले. बालकांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ही तरतूद आधीच होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे. अशा गुन्ह्यांत वीर्य सापडण्याचा प्रश्नच बहुधा येत नाही. शोधायची असते ती लाळ, किंवा आरोपीच्या हातावरचा आणि वस्तूवरचा योनिस्राव. कायद्याने व्याख्या बदलली, पण मुद्देमाल तपासण्याची सवय वीर्याच्या शोधाभोवतीच फिरत राहिली. महाराष्ट्रातल्या कोर्टांत रासायनिक विश्लेषकाच्या ज्या अहवालाला सगळे 'सी. ए. रिपोर्ट' म्हणतात, त्यात 'वीर्य आढळले नाही' एवढी एक ओळ असली, की गुन्हाच घडला नाही असा तिचा अर्थ लावण्याचा मोह बचाव पक्षाला होतो. प्रत्यक्षात जे शोधायला हवे होते ते शोधले गेलेले नसते.

मग आजवर आपण हे द्रव ओळखत होतो तरी कसे? तो इतिहास रंजक आहे आणि पुढच्या प्रकरणांसाठी आवश्यकही. नोव्हेंबर १६७७ मध्ये डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेवेनहुक याने वीर्यात वळवळणारे शुक्रजंतू पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. सहा वर्षांनी, १६८३ साली, त्याच माणसाने दातांवरचे किटण स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले आणि त्यात हलणारे अतिसूक्ष्म जीव पाहिले. शुक्रजंतू दिसणे हा वीर्याचा पक्का पुरावा आजही मानला जातो. त्याच भिंगातून दिसलेल्या तोंडातल्या जिवाणूंना मात्र गुन्ह्याच्या तपासात यायला तीन शतकांहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात रसायनशास्त्राने बरीच मजल मारली. रक्तासाठी फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी आली. तिचा गुलाबी रंग हिमोग्लोबिनमुळे येतो, पण काही भाज्यांतले पेरॉक्सिडेजही तोच रंग देते. १९०१ साली जर्मनीत पाऊल उहलेनहुट यांनी माणसाचे रक्त जनावराच्या रक्तापासून वेगळे ओळखून दाखवले. लाळेची चाचणी स्टार्च पचवणाऱ्या ॲमिलेजवर उभी आहे, पण ॲमिलेज विष्ठेत आणि आईच्या दुधातही असते. वीर्यासाठी ॲसिड फॉस्फेटेज वापरतात, आणि तेही थोड्या प्रमाणात योनिस्रावात सापडते. १९७८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज सेन्साबॉ यांनी वीर्यातले पी-३० हे प्रथिन पुढे आणले, तेव्हा कुठे नसबंदी झालेल्या पुरुषाचे शुक्रजंतूविरहित वीर्य ओळखता येऊ लागले. २००३ साली फ्लोरिडातील जेन युसोला आणि जॅक बॅलन्टाइन यांनी पेशींतल्या संदेशवाहक आरएनएवरून द्रव ओळखण्याचा मार्ग दाखवला. डीएनएवरच्या मेथिल खुणांवरून ऊतक ओळखण्याचा प्रयत्नही त्यानंतर झाला. पण आरएनए डीएनएपेक्षा नाजूक असतो, आणि मेथिल खुणांसाठी पुरेसा आणि शाबूत डीएनए लागतो.

या सगळ्या यादीत एक जागा रिकामी आहे. योनिस्रावासाठी भरवशाची जुनी चाचणी नाही. ल्युगोलच्या आयोडीनने ग्लायकोजेन असलेल्या पेशी तपकिरी दिसतात खऱ्या, पण तशा पेशी तोंडात आणि पुरुषाच्या मूत्रमार्गातही असतात. स्त्रीवरच्या अत्याचाराच्या तपासात ज्या द्रवाची ओळख सगळ्यांत निकडीची, नेमका तोच द्रव ओळखण्याचे साधन आपल्याकडे नव्हते. जिवाणूंकडे संशोधक वळण्याचे एक कारण ही उणीव.

त्यामागचा विचार साधा आहे. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी त्याच्या स्वतःच्या आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, असा २०१६ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी मांडलेला अंदाज आहे. हे जिवाणू अंगभर सारखे पसरलेले नाहीत. कोकणात भात आणि सोलापूरकडे ज्वारी, तसे ओलावा, आम्लता, प्राणवायू आणि खाद्य यांनुसार शरीराच्या प्रत्येक जागी वेगळे पीक येते. अमेरिकेच्या 'ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट'ने २०१२ साली २४२ निरोगी प्रौढांच्या शरीरावरच्या १५ ते १८ जागांचे नमुने तपासून हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. माणसामाणसांत फरक असला, तरी एका माणसाचे तोंड त्याच्या स्वतःच्या कातडीपेक्षा दुसऱ्या माणसाच्या तोंडाशी अधिक मिळतेजुळते असते.

योनिमार्गाचे उदाहरण पाहू. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये तिथल्या एका काडीसारख्या जिवाणूचे वर्णन केले होते. त्या गटाला आज आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, त्यावर हे जिवाणू पोसतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला सामू बहुधा ४.५ च्या खाली राहतो आणि इतर जिवाणूंना तग धरणे अवघड जाते. क्रिस्पॅटस, गॅसेरी, इनर्स आणि जेन्सेनी या तिथल्या प्रमुख जाती. तोंडात स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस आणि त्याचे भाऊबंद नांदतात. कातडीवर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस भेटतात, मोठ्या आतड्यात बॅक्टेरॉइडिसची वस्ती असते. निरोगी माणसाच्या शिरेतल्या रक्तात मात्र अशी कायमची वस्ती नसते, आणि ही गोष्टही तपासात कामाला येते.

हे जिवाणू ओळखायचे कसे? प्रत्येकाची पैदास काचपात्रात करत बसायला गुन्ह्याच्या प्रयोगशाळेला वेळ नसतो, आणि वाळलेल्या डागातले कित्येक जिवाणू मेलेलेच असतात. इथे अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूझ यांचे काम उपयोगी पडले. १९७७ साली त्यांनी जीवसृष्टीची नवी वंशावळ मांडली ती १६-एस या रायबोसोमी आरएनएच्या आधारे. त्याचे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे असते आणि ते सगळ्या जिवाणूंत असते. त्याचे काही भाग जवळजवळ सर्वत्र सारखे, तर नऊ भाग जातीनुसार बदलणारे. सारख्या भागांना पकडून मधला बदलता भाग पीसीआरने वाढवायचा आणि वाचायचा, म्हणजे जिवाणूचा गट आणि बरेचदा जात कळते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांवरच्या बहुतेक जनुकांच्या दोनच प्रती असतात. जिवाणूच्या एकेका पेशीत १६-एस जनुकाच्या अनेक प्रती असू शकतात, आणि जिवाणूंची संख्याही भरपूर असते. लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस यांची पेशीभित्ती जाड असल्याने त्यांचा डीएनए जुन्या डागातही टिकण्याची शक्यता वाढते. शिवाय माणूस ओळखण्यासाठी डागातून जो अर्क काढला, त्याच अर्कातला थोडा भाग या चाचणीला पुरतो. मुद्देमाल थोडा असतो तेव्हा ही फार मोठी सोय आहे.

या विचाराला पहिली ठोस फळे २००९-२०१० च्या सुमाराला आली. जपानमध्ये हिरोआकी नाकानिशी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियसचा डीएनए शोधून लाळ ओळखण्याची पद्धत मांडली. पुढे २०१३ मध्ये त्यांच्याच गटाने बॅक्टेरॉइडिसवरून विष्ठा ओळखली. न्यूझीलंडच्या ईएसआर या शासकीय संशोधन संस्थेतील रेचेल फ्लेमिंग आणि सॅलीॲन हार्बिसन यांनी २०१० साली लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस आणि गॅसेरी या दोन जाती योनिस्रावाच्या खुणा म्हणून वापरून दाखवल्या. जपान, इटली आणि नेदरलँड्समधल्या गटांनी पुढच्या दोन वर्षांत हेच सूत्र आपापल्या परीने तपासले. मासिक पाळीच्या रक्तात रक्ताबरोबर हे जिवाणूही येतात, त्यामुळे 'हे रक्त जखमेचे की पाळीचे' या जुन्या वादातही त्यांची साक्ष काढता येते.

जिवाणूंच्या साक्षीचे मोल कळण्यासाठी एका खटल्याकडे पाहावे. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज इथे १३ वर्षांच्या एका मुलीचा तिच्या घराच्या अंगणात डोक्यावर वार करून खून झाला. तिला सांभाळणाऱ्या पालकपित्याच्या कपड्यांवर रक्ताचे दीडशेहून अधिक सूक्ष्म ठिपके सापडले. रक्त मुलीचे होते यावर वाद नव्हता. सरकार पक्ष म्हणाला, हे वार करताना उडालेले शिंतोडे आहेत. बचाव पक्ष म्हणाला, जखमी मुलीजवळ तो वाकला तेव्हा तिच्या श्वासमार्गातून हवेबरोबर बाहेर पडलेले हे रक्त आहे. १९९८ साली त्याला जन्मठेप झाली. २००४ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्यानंतर दोनदा फेरसुनावणी झाली आणि दोन्ही वेळा ज्यूरीला निकाल देता आला नाही. अखेर २००६ साली तो निर्दोष सुटला. नऊ वर्षे वाद चालला तो रक्त कोणाचे यावर नाही, ते तिथे कसे आले यावर. डीएनएने या प्रश्नात काहीच मदत केली नाही. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवले, की तोंडातून उडालेल्या रक्तात तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसचा डीएनए सापडतो, इतर मार्गाने पडलेल्या रक्तात तो सापडत नाही. अशी चाचणी हेस्टिंग्जच्या खटल्यात हाताशी असती, तर निदान वादाचे स्वरूप तरी बदलले असते. निर्णय तिने दिला असता असे मात्र म्हणता येणार नाही. जखमी माणसाच्या तोंडावरच वार झाला, तर लाळ आणि रक्त एकत्रच उडते.

इथून पुढे या पद्धतीच्या मर्यादांचा भाग सुरू होतो. पुस्तकाच्या उत्तरार्धाचा मोठा हिस्सा त्यालाच दिला आहे.

पहिली मर्यादा स्त्रियांमधल्या फरकाची. जॅक रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली उत्तर अमेरिकेतील ३९६ निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गातल्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व असलेल्या स्त्रियांचे प्रमाण गोऱ्या गटात ८९.७ टक्के आणि आशियाई गटात ८०.२ टक्के होते. कृष्णवर्णीय गटात ते ६१.९ आणि हिस्पॅनिक गटात ५९.६ टक्केच भरले. म्हणजे कोणताही आजार नसतानाही अनेक स्त्रियांत या जिवाणूंचे राज्य नसते. प्रतिजैविके घेतली, जिवाणूंचा समतोल ढळला किंवा रजोनिवृत्ती झाली, की ते आणखी घटतात. सगळ्यांत गंभीर बाब लहान मुलींची. वयात येण्यापूर्वी इस्ट्रोजेन कमी, म्हणून ग्लायकोजेन कमी, म्हणून लॅक्टोबॅसिलसही कमी. पॉक्सोखालच्या प्रकरणांत जिथे पुराव्याची गरज सर्वाधिक, तिथेच ही खूण न सापडण्याची शक्यता सर्वाधिक. म्हणून या पुस्तकातले एक वाक्य वाचकाने पक्के लक्षात ठेवावे : जिवाणू सापडले तर काही सांगता येते, सापडले नाहीत तर काहीही सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा सापडण्याचीच आहे. पीसीआर इतकी संवेदनशील आहे की चिमूटभर जिवाणूही ती दाखवते, आणि जिवाणू हिंडतात. क्रिस्पॅटस आणि गॅसेरी आतड्यातही असतात, वीर्य आणि मूत्र यांतही अधूनमधून लॅक्टोबॅसिलस मिळतात. त्यामुळे 'आहे की नाही' एवढे पाहून भागत नाही, किती आहे आणि मानवी डीएनएच्या तुलनेत किती आहे, हे मोजावे लागते. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये योनिस्रावासाठी असे सापेक्ष मोजमाप सुचवले. लाळेच्या बाबतीत आपल्या जेवणाच्या ताटातलीच एक अडचण आहे. दही लावणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा लाळेतल्या सॅलिव्हेरियसचा इतका जवळचा नातलग आहे, की त्याला एकेकाळी त्याचीच उपजात मानत. ताक सांडलेल्या सदऱ्यावर ढोबळ चाचणी केली, तर तिथे लाळ आहे असा निष्कर्ष निघू शकतो. या दोन भावंडांत फरक करणारी चाचणी हवी, आणि ती आपल्याकडच्या दही-ताकाच्या डागांवर आधी पारखून घ्यायला हवी.

तिसरी मर्यादा काळाची आणि हवेची. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१९ साली वेगवेगळ्या द्रवांचे नमुने ३० दिवस घरातल्या वातावरणात ठेवून पाहिले, आणि बहुतेकांची जिवाणू-ओळख बऱ्याच अंशी टिकली. हा निकाल आश्वासक आहे. पण झुरिचच्या बंद खोलीतले ३० दिवस आणि रत्नागिरीच्या श्रावणात ओलसर गोणपाटावर गेलेले ३० दिवस यांची बरोबरी होत नाही. ओल्या कपड्यात मूळचे जिवाणू मरतात आणि हवेतले, मातीतले नवे जिवाणू व बुरशी वाढतात. नमुने सावलीत वाळवावेत आणि प्लास्टिकऐवजी कागदात बांधावेत, हा नियम डीएनएसाठी सांगितला जातो. जिवाणूंसाठी तो दुपटीने लागू आहे.

अलीकडे एकेका जातीऐवजी डागातल्या सगळ्या जिवाणूंची रचना वाचून संगणकाला शिकवण्याकडे कल आहे. नॉर्वेतील आणि नेदरलँड्समधील गटांनी या दिशेने चांगले काम केले आहे. काही संशोधक त्याही पुढे जाऊन जिवाणूंवरून माणूसच ओळखू पाहतात. नोआ फियरर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली संगणकाच्या कीबोर्डवरचे जिवाणू वापरणाऱ्याच्या बोटांवरच्या जिवाणूंशी जुळवून दाखवले होते. २०२५ मध्ये पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातील गटाने १२ जोडप्यांचा अभ्यास करून सांगितले, की शरीरसंबंधात दोघांच्या जिवाणूंची देवाणघेवाण होते आणि कंडोम वापरूनही तिच्या खुणा राहू शकतात. वीर्य न सापडणाऱ्या प्रकरणांत हे आशादायक आहे. पण १२ जोडपी म्हणजे सुरुवात. संगणकाचे उत्तर त्याला शिकवलेल्या नमुन्यांइतकेच खरे असते, आणि हे नमुने आजवर बहुतांशी युरोप, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियातले आहेत. आपल्या स्त्रियांचे, आपल्या आहाराचे, आपल्या पावसाळ्याचे आकडे त्यात नाहीत.

शेवटचा मुद्दा विज्ञानाइतकाच नीतीचा आहे. योनिमार्गातल्या जिवाणूंची पूर्ण यादी वाचली की स्त्रीबद्दल कितीतरी गोष्टी कळू शकतात : संसर्ग आहे का, औषधे चालू आहेत का, पाळी चालू आहे का. उद्या एखादा वकील त्यावरून तिच्या चारित्र्याबद्दल उलटतपासणीत प्रश्न विचारणार नाही, याची खात्री कोण देईल? आपल्याकडे असे घडलेले आहे. दोन बोटांच्या अशास्त्रीय चाचणीवरून स्त्रीला 'संबंधांची सवय' असल्याचे शेरे वैद्यकीय अहवालांत वर्षानुवर्षे लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्या चाचणीवर कोरडे ओढले आणि २०२२ मध्ये, ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावे, इथपर्यंत स्पष्ट केले. पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नात गैरलागू आहे, हे २०१३ पासून पुरावा कायद्यातही लिहिलेले आहे. म्हणून जिवाणूंच्या अहवालात विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर असावे : या डागात योनिस्रावाच्या खुणा आहेत किंवा आढळल्या नाहीत. बाकीची यादी प्रयोगशाळेबाहेर जाण्याचे कारण नाही. डीएनएच्या वापराचे नियमन करणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. मानवी डीएनएसाठीच स्वतंत्र कायदा नसताना जिवाणूंच्या माहितीचे रक्षण प्रयोगशाळेच्या शिस्तीवरच सोपवावे लागते.

या पुस्तकाचे वाचक तीन प्रकारचे असतील असे धरले आहे. तपासी अधिकारी, न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी आणि वकील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आता बंधनकारक होत आहे. त्यामुळे तपासी अधिकारी आणि तज्ज्ञ यांची गाठ पूर्वीपेक्षा लवकर, पंचनाम्याच्या वेळीच पडेल. त्या क्षणी एक साधी गोष्ट करावी : डागाबरोबर त्याच कापडाचा डाग नसलेला कोरा तुकडाही वेगळा जप्त करावा. त्या कपड्यावर आधीपासून कोणते जिवाणू होते हे कोऱ्या तुकड्याशिवाय कळत नाही, आणि नंतर तो मिळवता येत नाही.

विद्यार्थ्यांना विनंती अशी, की परदेशी निबंधातली चाचणी जशीच्या तशी उचलू नका. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या स्त्रियांच्या संमतीने नमुने गोळा करून इथल्या जिवाणूंची आकडेवारी तयार करणे, हे एखाद्या पीएच.डी.पेक्षा मोठे सार्वजनिक काम आहे आणि ते अजून व्हायचे आहे. वकिलांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, तज्ज्ञ साक्षीदाराला तीन प्रश्न विचारावेत : कोऱ्या कापडाची चाचणी केली का, प्रमाण मोजले का, आणि ही पद्धत इथल्या नमुन्यांवर पारखली आहे का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील, तर जिवाणूंचा पुरावा इतर पुराव्याला भक्कम दुजोरा देऊ शकतो. तिन्ही 'हो' असली तरी एकट्या त्याच्या बळावर आज कोणाला शिक्षा होऊ नये, आणि जिवाणू सापडले नाहीत एवढ्यावरून कोणाची तक्रार खोटीही ठरू नये.